हाडु, अक्का

एका सभ्य म्हाताऱ्या माणसाशी मी अकरा दिवस अबोला धरला होता, कारण त्यांनी मला गायला सांगितलं होतं.

हे वाक्य मी नातीला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तिला वाटलं, आजीचं मधलं काहीतरी सांगायचं राहिलं. राहिलं काही नाही. त्यांनी गायला सांगितलं, मी चिडले, बोलणं टाकलं आणि वर सूडही घेतला. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. गाण्याच्या चार परीक्षा दिलेल्या. पाचवीला बसणार तेवढ्यात लग्न झालं आणि त्यामुळे महाराष्ट्र एका मोठ्या गायिकेला मुकला, असं मी येईल-जाईल त्याला सांगायची. चौथीत काठावर पास झाले होते, हे सांगायची नाही.

ह्यांना बंगलोरच्या पीण्या या कारखान्यांच्या भागात नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडून बंगलोरला आलो. तंबोरा मी गोधडीत गुंडाळून, रेल्वेत रात्रभर मांडीवर घेऊन आणला. मुलगी आठ वर्षांची होती, ती खाली पेपर पसरून झोपली. तंबोऱ्याला बाकावर जागा आणि मुलीला खाली, यात मला तेव्हा काही वावगं दिसलं नाही.

घर बघायला गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. साठी उलटलेली, उघडं अंग, पांढरी लुंगी आणि कानात केसांचे दोन झुबके. त्यांनी आम्हाला ना नोकरी विचारली, ना गाव, ना मटण खाता का ते. अंगणात उभं केलं आणि ह्यांना म्हणाले, "काहीतरी बोला की, साहेब."

"काय बोलू?"

"हेच. अजून स्वल्प मोठ्यानं."

हे यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलायला सरावलेले. त्यांनी जोरात विचारलं, "पाणी दोन्ही वेळा येतं का?" अंगणाच्या टोकाला गोठा होता आणि गोठ्यात एक तांबडी गाय उभी होती. ह्यांचा प्रश्न संपायच्या आत ती खाली बसली.

अण्णांनी खेदानं मान हलवली. "राग मानू नका, साहेब. तुम्ही पुढच्या दारानं यायचं, पुढच्या दारानं जायचं. मागच्या बाजूला बोलायचं नाही. बाकी घर तुमचंच." मग माझ्याकडं वळले. "अक्का, तुम्ही बोला."

अक्का म्हणजे मोठी बहीण. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणत होता. पण मी गाणारी बाई, संधी सोडणार कशी? आधी घसा खाकरला आणि मग म्हणाले, "मी गाते." गाईनं कान फिरवले. तिनं ते नेमके कधी फिरवले, खाकरल्यावर की 'गाते' म्हटल्यावर, याकडं मी नीट लक्ष दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "कधी येता राहायला?"

त्याच आठवड्यात मी बहिणीला पत्र टाकलं, की बंगलोरची माणसं फार दर्दी आहेत.

अण्णांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कानडी अशी मुरलेली की वाक्य कुठं वळलं ते मला कळायचं नाही. कळलं नाही की मी हसायची. इथली मराठी अशुद्ध आहे, हे मी सामान लावायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आणि कानडी म्हणजे याहून पुढचं अशुद्ध, ती शिकायची कशाला? मी भाजीवाल्याशी बोटांनी बोलायची. बोटानं दोन दाखवले की तो दोन जुड्या द्यायचा, आणि मी समजायची की आपलं छान चाललंय.

अण्णा आधी पीण्यालाच एका लहान कारखान्यात होते. भट्टीतून निघालेले लोखंडाचे ओतीव भाग हातोडीनं ठोकून बघायचे, हे त्यांचं काम. चांगला भाग टणकन वाजतो, आत तडा असला की बद्द वाजतो. तीस वर्षं हेच केल्यामुळं त्यांना दिसेल ते ठोकून बघायची सवय जडली होती. नारळ, माठ, पाण्याची टाकी, दार, आमच्या मुलीचं डोकं. "टणक आहे," ते तिला म्हणाले, आणि ती दिवसभर खूश होती. माझा तंबोरा वर चढवताना जिन्यात थांबवून त्यांनी भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "भोपळा फस्क्लास आहे, अक्का. त्याला तारा कशाला लावल्या?"

गाण्याचं मात्र त्यांना भयंकर वेड. शहरात कुठंही मांडव पडला की ते शालीखाली टेपरेकॉर्डर लपवून पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. गायक येऊन बसला, तंबोरे जुळले, तबल्यावर हातोडी पडली, गायकानं घसा साफ केला, पाण्याचा घोट घेतला, 'हं' केलं, की अण्णा डोळे मिटून डोलायचे. आणि गाणं सुरू झालं की टेप बंद करून घरी यायचे.

मी एकदा विचारलं, "अण्णा, गाणं न ऐकताच?"

"ऐकलं की."

"अहो, ती तर नुसती तयारी."

"त्यातच गळा खरं बोलतो, अक्का. गाणं सुरू झालं की माणूस थापा मारायला लागतो."

त्यांच्याकडं दोन ट्रंका भरून कॅसेटी होत्या. त्यांत देशातल्या झाडून सगळ्या मोठ्या गवयांची खाकरणी होती. नावं मी सांगत नाही, त्यांतल्या काहींचे शिष्य अजून माझ्या ओळखीत आहेत. एका थोर ख्यालगायकाच्या खाकरण्यावर अण्णांचा जीव होता. "तीन सप्तकं आहेत त्यात," म्हणायचे. दक्षिणेतल्या एक विदुषी गाण्याआधी मोठा श्वास घेत, तो श्वास त्यांनी मला तीनदा मागं नेऊन ऐकवला. सिनेमात रडकी गाणी गाणारा एक जण त्यांना मुळीच पसंत नव्हता. तो घसा साफ न करताच सुरू करतो, यात त्यांना लबाडी दिसायची. मी मनात म्हणायची, हा माणूस वेडा आहे. पण माझ्या गाण्याला मान देतोय ना, मग असू दे वेडा.

मान देत होते असं मला का वाटायचं ते सांगते. आमच्या मागच्या गॅलरीत एक लहान मोरी होती, तिच्या बरोबर खाली गोठा. रोज सकाळी सहाला मी मोरीशी उभी राहून कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायची. माझ्या गुरूंनी घालून दिलेला नेम. मोजून एकवीस गुळण्या, पाणी घशात जितका वेळ खेळवता येईल तितका वेळ खेळवायचं. मग आत येऊन खिडकीशी बसायची आणि तासभर गायची. खिडकीतून डोकावलं की खाली अण्णा दिसायचे, हातात चरवी, मान वर, चेहरा समाधानी. रियाज संपवून खाली गेलं की पहिल्या पायरीवर दुधाचा एक तांब्या ठेवलेला असायचा, वर केळीचं पान. एक अक्षर न बोलता. याहून सुंदर दाद मला पुण्यात कधी मिळाली नव्हती. पुण्यात दाद म्हणून शेजारी खिडकी लावून घ्यायचे.

गोठ्याच्या दारावर खडूनं नावं लिहिलेली होती. त्या थोर ख्यालगायकाचं नाव, पुढं १. विदुषींचं नाव, पुढं २. रडक्या गायकापुढं शून्य. आमच्या ह्यांच्यासमोरही शून्य. आणि सगळ्यात खाली, 'वरची अक्का', पुढं ४. देशातल्या गाणाऱ्यांत मी चौथी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लाजले. आठवड्यानं मला राग येऊ लागला. चौथी का? पहिल्या तिघांत जायला काय करावं लागेल, याचा विचार करत मी ताना वाढवल्या.

आता गाईविषयी सांगायला हवं. तिचं नाव गिरिजा. अण्णांच्या बायकोबरोबर तिच्या माहेराहून एक गाय आली होती, तिची ही नात. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचा एक फोटो होता तो अण्णांनी दिवाणखान्यात न लावता गोठ्यात लावला होता. "तिथं ती जास्त असायची," म्हणायचे. आम्ही यायच्या पंधरा दिवस आधी गिरिजेचं वासरू गेलं. वासरू नसलं की गाय पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते. अण्णांनी कॅसेटी लावून बघितल्या, कुणाला एक लिटर, कुणाला दोन. त्यांचा मुलगा इंदिरानगरला एका ऑफिसात होता, तिकडंच राहायचा. त्यानं नवी मोटार घेतली होती आणि ती ठेवायला त्याला गोठ्याची जागा हवी होती. वाईट नव्हता तो, फक्त घाईत असायचा. त्यानं बापाशी करार केला होता, आणि तो अण्णांनीच मला पहिल्या आठवड्यात सांगितला होता. गाय दूध देते तोवर राहील. आटली की होसकोट्याला एका नातेवाइकाच्या शेतावर.

हे मला माहीत होतं. तरी मी दोनात दोन मिळवले नाहीत. माझं सगळं लक्ष चौथ्या नंबरावर.

तो दिवस दसऱ्याच्या दोनेक आठवडे आधीचा. सकाळी मी मोरीशी उभी होते. सहावी की सातवी गुळणी चालली होती, तेवढ्यात पाणी उलटं नाकात गेलं. ठसका लागला. मी थांबले, डोळे पुसले. खाली एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत अण्णांचा आवाज आला, घाईचा, जवळजवळ रागावलेला.

"हाडु! हाडु, अक्का, हाडु!"

मी गॅलरीतून वाकून बघितलं. वाटलं, अंगणात कुत्रं शिरलं असेल. कुत्रं नव्हतं. अण्णा होते, चरवी होती, गाय होती. आणि अण्णा माझ्याकडं बघून, हात वर उडवत म्हणत होते, "हाडु, हाडु."

लहानपणापासून मी हाड हा शब्द एकाच प्राण्यासाठी ऐकला होता. त्याला हाकलताना निदान कुणी ताई म्हणत नाही. मला अक्का म्हणून हाकललं होतं. मी गॅलरीचं दार लावलं, खिडकी लावली, आणि ह्यांना उठवून सांगितलं, "आपला अपमान झालाय."

"आपला की तुझा?" हे पांघरुणातून म्हणाले.

"त्यांनी मला हाड म्हटलं."

"का?"

"चौथ्या नंबराची मी, काल ताना जरा जास्त झाल्या असतील. त्यांना असूया वाटली."

"ते गातात?"

"नाही गात, म्हणूनच."

ह्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. पुढचे अकरा दिवस मी अण्णांशी एक शब्द बोलले नाही. ते जिन्याखाली भेटले तर मी छताकडं बघायची. गुळण्या आणि गाणं दोन्ही मी पुढच्या बाजूच्या न्हाणीघरात हलवलं. पायरीवरचा दुधाचा तांब्या दुसऱ्या दिवसापासून बंद झाला, आणि मी ह्यांना म्हटलं, बघा, मन किती कोतं.

सूड राहिलाच की. आमच्या ह्यांचा आवाज ऐकून गाय बसते, हे मला माहीत होतं. पुण्याहून टपालानं तीन दिवस शिळा पेपर यायचा. मी ह्यांच्यासाठी मागच्या गॅलरीत खुर्ची टाकली आणि म्हटलं, "मला चष्मा लागलाय असं वाटतं. तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा." भोळा माणूस. रोज सकाळी सहा ते साडेसहा गोठ्याच्या डोक्यावर बसून अग्रलेख वाचायचा, कारखान्यातल्या आवाजात. खालून एकदा अण्णांचा कळवळलेला आवाज आला, "साहेब, मागच्या बाजूला बोलायचं नाही असं ठरलं होतं नं?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "वाचा. क्रीडेचं पान राहिलंय."

या अकरा दिवसांत खाली काय चाललं होतं ते मी पडद्याआडून बघायची आणि मला त्याचा अर्थ लागायचा नाही. अण्णांनी दोन्ही ट्रंका गोठ्यात नेल्या. सकाळपासून खाकरणी सुरू व्हायची. एक दिवस देवळातला सनईवाला आला, नुसतीच पिपाणी ओली करून फुंकून बघितली आणि गेला. एक दिवस अण्णा स्वतः गाईसमोर उभे राहून तोंड आभाळाकडं करून विचित्र आवाज काढत होते आणि मधेच खोकत होते. मी म्हटलं, माझी नक्कल करतायत. तीही वाईट. चरवी रोज रिकामी आत जायची. खडूचा माझा चार पुसलेला नव्हता, त्याच्यावर मात्र त्यांनी एक ओला हात ठेवल्याचा डाग होता.

बाराव्या दिवशी दुपारी मुलगी शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आज बाईंनी मला सगळ्यांसमोर हाडु म्हटलं."

माझ्या हातात लाटणं होतं, ते मी खाली ठेवलं नाही. "काय म्हटलं?"

"हाडु. तीनदा."

"म्हणजे शाळेतही? चल. आत्ताच्या आत्ता चल, मी बघते त्या बाईंकडं."

"अगं पण मी गायले."

"गायलीस? हाड म्हटल्यावर?"

मुलीनं माझ्याकडं असं बघितलं, की पुढं तीसेक वर्षं तिनं ते बघणं सोडलेलं नाही. "आई, हाडु म्हणजे गा. कानडीच्या पुस्तकातली कविता गायची होती. हाडु म्हणजे तू गा. मोठ्या माणसाला हाडी म्हणायचं, आणि आपल्या माणसाला हाडु."

मी खाली बसले. लाटणं हातातच होतं.

तेवढ्यात मागं अंगणात टेंपोचा आवाज आला.

गॅलरीत जाऊन बघितलं तर टेंपोचं मागचं फळकूट पाडलेलं, त्याला फळी लावलेली. मुलगा घड्याळाकडं बघत उभा. चालक दोर सोडवत होता. गिरिजा गोठ्याच्या दारात, आणि अण्णा तिच्या मानेला हात घालून उभे होते. अंगात शर्ट होता. अण्णांना शर्टात मी पहिल्यांदाच पाहत होते.

आता मला दोन आणि दोन एकदम मिळाले. म्हणजे मला तसं वाटलं. खिडकीखाली चरवी, पायरीवरचा तांब्या, 'हाडु' आणि रिकामे अकरा दिवस. गाय माझ्या गाण्यावर दूध देत होती. माझ्या! मी घरातल्या चपलांसकट जिना उतरले. अपराधी तर वाटत होतंच, पण खोटं कशाला बोलू, त्याच्याखाली कुठंतरी मला फार बरंही वाटत होतं.

"अण्णा, माझं चुकलं," मी म्हटलं. "मी गाते. थांबा."

मुलगा म्हणाला, "अक्का, टेंपो दोन तासांचाच आहे."

"दहा मिनिटं."

दुपारचे चार वाजले होते, म्हणून मी भीमपलास घेतला. इतक्या संकटातही मी रागाची वेळ मोडली नाही. आलाप केला, बंदिश गायले, मग ताना. चारही परीक्षांतल्या सगळ्या ताना मी त्या गाईवर सोडल्या. अण्णा खाली बसून सडांना हात लावून वाट बघत होते. गिरिजेनं शेपटीनं माशी हाकलली. बास.

चालकानं दोर उचलला. माझा आवाज फुटला, मी थांबले.

अण्णा खालूनच म्हणाले, अगदी नरमपणे, "अक्का, हे नंतरचं झालं."

"नंतरचं म्हणजे?"

"हे तुम्ही रोज नंतर म्हणता ते. तेव्हा आमचं काम झालेलं असतं. आधीचं हाडु की."

"आधी मी काहीच गात नाही, अण्णा."

"गाता की. वरती, मोरीवर." आणि त्यांनी मान मागं टाकून घशातून तो आवाज काढून दाखवला, तोच, जो मी पडद्याआडून बघून नक्कल समजले होते. "आमच्यानं जमत नाही. पाणी आत जातं."

मग आमचे हे, जे आवाज ऐकून पुढच्या दारानं येऊन कोपऱ्यात उभे होते आणि कराराप्रमाणं मागच्या बाजूला बोलू शकत नव्हते, ते भिंतीकडं तोंड करून हलायला लागले. हसत होते.

चार परीक्षा, मांडीवर आणलेला तंबोरा, चौथा नंबर. सगळं त्या अंगणात माझ्याभोवती पडलेलं होतं. मी मुलीला म्हटलं, "वरून तांब्या आण."

ती आली. "मीठ विसरले."

"मीठ लागतं का?" टेंपोवाल्यानं अण्णांना मनापासून विचारलं.

"आज तसंच," मी म्हटलं. तोंडात पाणी घेतलं, मान मागं टाकली. वर नारळाचं झाड आणि आभाळ. शेजारच्या गच्चीवर दोन बायका वाळवण उलटायच्या थांबल्या होत्या. मी डोळे मिटले आणि गुळणी सुरू केली. त्या दिवशी मला कुणाला काही दाखवायचं नव्हतं, दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाणी घशात खेळत राहिलं. एक झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर चरवीच्या तळाशी धार वाजली. मी थांबणार तोच अण्णा म्हणाले, "हाडु, अक्का, हाडु."

या वेळी मला कळलं.

एकवीस पुऱ्या केल्या. दूध पाऊण लिटरच निघालं, अकरा दिवसांत ती बरीच आटली होती. पण धार होती. अण्णांनी कपाळ गाईच्या पोटाला टेकवलेलं होतं, तिथूनच बोलले, "वासरू पितं नं, अक्का, तोंड भरून, तेव्हा असाच आवाज करतं. गाणारा आपलं सांगत बसतो. हिला हिचं ऐकू आलं."

मुलगा काही बोलणार होता, पण टेंपोवाला दोर गुंडाळायला लागला होता. "आज शुक्रवार," तो म्हणाला. "आटलेली आहे म्हणालात म्हणून आलो. दूध देणारी गाय शुक्रवारी दाराबाहेर काढायला मी नाही, साहेब." मुलानं घड्याळ बघितलं, बापाकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या तांब्याकडं. ऑफिसातल्या लोकांना हे कसं सांगायचं, अशी चिंता त्याच्या चेहऱ्यावर होती. मोटार त्यानं नारळाखाली ठेवायला सुरुवात केली, आणि पुढं तिचं व्हायचं ते झालं. टपाचा आकार बदलला. अण्णांनी खाली पडलेला नारळ ठोकून पाहिला आणि म्हणाले, "टणक."

जाताना मी खडूच्या अक्षरांकडं बोट दाखवलं. "अण्णा, मी चौथी ना?"

"चौथी कुठली? चार लिटर," अण्णा म्हणाले. "सगळ्यांच्या वर."

त्या घरात आम्ही आणखी चार वर्षं राहिलो. गाय तिथंच राहिली, पुढं तिला वासरूही झालं. मी मागच्या मोरीवर परत गेले. गल्लीतले लोक माझ्या गुळण्यांवर घड्याळ लावायचे. पायरीवर तांब्या पुन्हा यायला लागला, वर केळीचं पान. कानडी मी मुलीच्या पुस्तकातून शिकले, तिच्याकडून छड्या खात.

पण खोड इतक्या लवकर जात नाही. त्याच दिवाळीत मराठी मंडळाचा मेळावा होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी सेक्रेटरींच्या मागं लागून चाळीस मिनिटं मिळवली. अण्णा पहिल्या रांगेत होते, शर्ट घालून, शालीखाली टेप. मी तंबोरा जुळवला, घसा खाकरला. अण्णा डोलायला लागले. मग शेजारचा पेला उचलला, घोट घेतला, आणि गायला लागले. त्या दिवशी मी खरंच बरी गायले, लोकांनी टाळ्याही मनापासून वाजवल्या, आणि अण्णा आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत बसून राहिले. मला भरून आलं. खाली उतरून मी सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडं गेले आणि विचारलं, "अण्णा, कसं झालं?"

त्यांनी शालीतून टेप काढला, बंद केला, आणि मला दुखवू नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाकी सगळं सरी होतं, अक्का. पण ते पाणी तुम्ही गिळलं, तेव्हाच मला कळलं, आज काय व्हायचं नाही."